पेंटबॉलच्या सामन्यांवर चित्रपट करायचाय? नाशिकमधून सुरुवात कशी कराल

पेंटबॉल म्हणजे रंगाच्या गोळ्या झाडून समोरच्याला बाद करायचा खेळ. त्यावर चित्रपट करायचं ठरवलं की दोन अडचणी पहिल्याच दिवशी समोर येतात. गोळी कॅमेऱ्यात धड दिसत नाही आणि मास्कमुळे खेळाडूचा चेहरा दिसत नाही. क्रिकेटच्या चित्रपटात चेंडू उंच उडाला की अख्खं थिएटर मान वर करतं, कुस्तीच्या चित्रपटात पैलवानाच्या डोळ्यांत लढत वाचता येते. इथे तो आधार नाही. म्हणून पटकथेपासून संकलनापर्यंत एकच प्रश्न सोबत ठेवा: या क्षणी कोण कुठे आहे आणि त्याला कुठे पोचायचंय, हे हा खेळ कधीच न पाहिलेल्या माणसाला कळतंय का? कॅमेरा कुठला, बजेट किती, हीरो कोण, हे प्रश्न त्याच्या मागून येतात.

पुढच्या पायऱ्या नाशिक परिसर डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्या आहेत. पहिलाच चित्रपट करणाऱ्या, फार पैसा नसलेल्या पण चिकाटी असलेल्या मंडळींसाठी.

आधी खेळ नीट शिका

रिसॉर्टवर वाढदिवसाला किंवा ऑफिसच्या सहलीत जो पेंटबॉल खेळतात, तो आणि स्पर्धेतला पेंटबॉल यांत गल्लीतल्या आणि रणजीच्या क्रिकेटइतकं अंतर आहे. खेळाची सुरुवात जंगलात झाली. २७ जून १९८१ रोजी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात हेनिकर इथे बारा जण पहिला खेळ खेळले, तेही झाडांवर आणि जनावरांवर खुणा करायला वापरायच्या रंगाच्या पिस्तुलांनी. पुढे स्पर्धा मोकळ्या मैदानावर आल्या. आज अमेरिकेतल्या एनएक्सएल या पेंटबॉल लीगमध्ये दिसतो तो हाच प्रकार: साधारण १५० बाय १२० फुटांचं मैदान, त्यावर हवा भरलेले बंकर, म्हणजे लपायचे आडोसे, आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच खेळाडू. मैदानाचा एक अर्धा भाग दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब असतो, म्हणजे कुठल्याच संघाला जागेचा फायदा नाही.

भोंगा वाजला की दोन्ही संघ आपापल्या टोकाकडून धावत सुटतात. याला ब्रेकआउट म्हणतात. मैदानाच्या एका कडेला लांबलचक बुटका बंकर असतो, तो स्नेक. त्याच्या आडून सरपटत पुढे जायचं. दुसऱ्या कडेला त्रिकोणी बंकरांची रांग, ते डोरिटो. मधली रेषा म्हणजे फिफ्टी. मागचा खेळाडू समोरचा जिथून धावत जाणार त्या मोकळ्या जागेत गोळ्यांची सलग धार धरतो, त्याला लेन धरणं म्हणतात. गोळी अंगावर किंवा सामानावर फुटून रंग उमटला की खेळाडू बाद. लागली पण फुटली नाही, उडून गेली, तर तो खेळात राहतो. समोरच्यांना बाद करून किंवा चुकवून त्यांच्या टोकाचा बझर दाबला की गुण. एक गुण, म्हणजे भोंग्यापासून बझरपर्यंतची एक झुंज, वीस सेकंदांतही संपतो, कधी काही मिनिटं चालतो. मग साधारण दोन मिनिटांची विश्रांती आणि पुन्हा भोंगा.

यूट्यूबवर सामन्यांची चित्रणं भरपूर आहेत. एकच गुण निवडा, आवाज बंद करा आणि पुन्हा पुन्हा पाहून दहाही खेळाडूंचे मार्ग कागदावर वेगवेगळ्या रंगांत काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण दिग्दर्शक, छायालेखक आणि संकलक या तिघांनी ते एकत्र बसून केलंच पाहिजे. त्यानंतर मैदानात उतरून स्वतः खेळा. बंकरमागे गुडघ्यावर बसलेलं असताना डोक्यावरून गोळ्या सूं-सूं करत जातात आणि समोरचा किती जवळ आलाय हे फक्त साथीदाराच्या ओरडण्यावरून कळतं. ही आंधळेपणाची भावना लिहिणाऱ्याने अंगावर घेतल्याशिवाय पटकथेत येत नाही.

पटकथा: सामना लिहू नका, गुण लिहा

दीड-दोन तासांच्या चित्रपटात दोन किंवा तीनच सामने तपशिलात दाखवा. त्यातही प्रत्येक सामन्यातला एखादाच गुण पूर्ण लिहा, बाकीचे धावत्या दृश्यांत उरकून घ्या. पूर्ण लिहिलेल्या गुणात एक माणूस, एक बंकर आणि एक अडचण असू द्या. ‘तिला स्नेकपर्यंत पोचायचंय, पण समोरच्याने लेन धरली आहे.’ एवढं प्रेक्षकाला आधी सांगून ठेवलं की पुढचे पंचवीस सेकंद तो खुर्चीच्या कडेवर येतो.

संवादांची जागा पिटमध्ये, म्हणजे मैदानाबाहेर संघ थांबतो तिथे आहे. दोन गुणांमधल्या त्या दोन मिनिटांत मास्क वर जातात, घामेजलेले चेहरे दिसतात, कोणी पॉडमध्ये, म्हणजे जादा गोळ्यांच्या डब्यांत, गोळ्या भरतंय, कोणी नळीतला फुटलेला रंग पुसतंय, प्रशिक्षक पाठकोऱ्या कागदावर बाण काढतोय. भांडणं, कबुल्या, निर्णय इथेच घडवा. माझ्या मते अशा चित्रपटाचा खरा जीव मैदानाबाहेरच्या या दोन मिनिटांत असतो आणि पटकथेच्या पहिल्या खर्ड्यात नेमका तोच भाग सगळ्यात पातळ असतो.

कथेचं बी खेळाच्या नियमातच सापडतं. खेळाडूच्या कमरेला मागच्या बाजूने पॉडचा पट्टा असतो. तिथे गोळी फुटली तर बऱ्याचदा त्याला स्वतःलाही कळत नाही. आणि कळलं, पण पंचाने पाहिलं नाही, तर? तो रंग हाताने पुसून खेळत राहणं ही या खेळातली सगळ्यात मोठी लबाडी मानतात, पकडलं गेल्यास संघाला जबर शिक्षा होते. अंतिम सामना, बरोबरी, पाठीवर एक ठोका जाणवतो आणि पंच दुसरीकडे बघतोय. त्या खेळाडूने हात वर करून बाहेर चालत जायचं की नाही? यावर अख्खा उत्तरार्ध उभा राहू शकतो.

पात्रं इथलीच घ्या. सातपूरच्या कंपनीत शिफ्ट करणारा मुलगा, निफाडच्या द्राक्षबागाईतदाराची मुलगी, कॉलेज रोडवर मोबाइल दुरुस्त करणारा. या खेळात मुलगे-मुली एकाच संघात खेळू शकतात, ते जरूर वापरा. पैशाची ओढाताणही लिहा, कारण गोळ्या विकत घ्याव्या लागतात आणि सरावाची प्रत्येक संध्याकाळ खिसा हलका करते.

संहिता झाली की मुंबईतल्या पटकथालेखकांच्या संघटनेकडे नोंदवा आणि चित्रपटाचं नावही निर्मात्यांच्या संस्थेकडे वेळेत नोंदवून टाका. स्पर्धेचं नाव, चषक, बोधचिन्ह स्वतःचं तयार करा. खऱ्या लीगचं नाव किंवा जर्सीवरच्या कंपन्यांची चिन्हं लेखी परवानगीशिवाय पडद्यावर येऊ देऊ नका.

निर्मात्याकडे जाण्याआधी नमुना

दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१२ मध्ये विलायतेहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी आधी एका वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित केली. भांडवल देणाऱ्यांना दाखवायला त्यांच्या हातात तेवढीच छोटी फिल्म होती, आणि ती पाहून लोकांचा विश्वास बसला. सरस्वतीबाईंचे दागिनेही त्या खटाटोपात गहाण पडले. हे नाशिककरांना नव्याने सांगायला नको, पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारकच आहे. मुद्दा असा की न पाहिलेली गोष्ट पैसेवाल्याला तोंडी समजावता येत नाही. तुमचा निर्माता कदाचित बांधकाम व्यावसायिक असेल, कदाचित बागाईतदार. त्याला पेंटबॉल म्हणजे काय हे ठाऊक नसण्याचीच शक्यता जास्त. त्याच्यासमोर पाच मिनिटांचा नमुना ठेवा: एक गुण आणि त्याच्या आधीची-नंतरची पिट. पाहून झाल्यावर त्याने ‘पुढे काय झालं?’ असं विचारलं तर बोलणी सुरू करा.

मैदान आणि महिना एकत्र ठरवा

सपाट, हिरवळीचं, गाडी आत नेता येईल असं, वीज-पाणी आणि स्वच्छतागृह असलेलं मैदान हवं. नाशिकमध्ये अशा जागांची वाण नाही, त्यांना लग्नाचे लॉन्स म्हणतात. मुहूर्त असतील तेव्हा त्यांच्या भाड्याकडे बघवत नाही, पण पौषात लग्नं जवळपास थांबतात. पौष येतो डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या सुमारास. आभाळ स्वच्छ, ऊन तिरपं, धूळ कमी. लॉनमालकाशी पंचांग पुढ्यात ठेवून बोला आणि सलग दिवसांचा एकच भाव ठरवा.

मात्र नाशिकची थंडी हिशेबात धरा. पहाटे हिरवळीवर दव असतं, धावणारे घसरतात. मास्कच्या काचेवर वाफ धरते, म्हणून दुहेरी थराच्या काचा घ्या. रात्री फुगवलेले बंकर सकाळी मलूल पडलेले असतात आणि दुपारच्या उन्हात टणक होतात. सकाळच्या आणि दुपारच्या शॉटमध्ये एकच बंकर वेगवेगळ्या उंचीचा दिसू नये म्हणून तो सांभाळायला एक माणूस नेमा.

द्राक्षबागेला लागून चित्रीकरण करण्याचा मोह सगळ्यांना होतो. जानेवारीत घड भरत असतात. त्यावर एक चुकार गोळी फुटली तर शेतकऱ्याच्या निर्यातीच्या मालाचं नुकसान आहे. बाग लांबच्या दृश्यात घ्या, गोळीच्या टप्प्यात नको.

परवानग्यांचं थोडक्यात. राज्यात चित्रीकरणाच्या परवानगीसाठी एक खिडकी योजना आहे, तिथून सुरुवात करा. खाजगी जागा असली तरी स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवा, सोबत मार्करचे, म्हणजे गोळ्या झाडायच्या साधनांचे, फोटो जोडा. लांबून पाहणाऱ्याला त्या बंदुका वाटतात. रस्त्यावर, गाडीच्या काचेत, हॉटेलात ते उघडे दिसता कामा नयेत. ड्रोन वापरणार असाल तर ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा आधी बघा, कारण देवळाली आणि गांधीनगर लष्कराकडे, ओझरला विमानतळ, त्यामुळे शहराभोवतीचं बरंच आकाश बंद आहे. आणि २०२७ च्या सिंहस्थाच्या काळात चित्रीकरण ठेवू नका. पोलीस, खोल्या, गाड्या, काहीच मोकळं सापडणार नाही.

मार्कर, हवा आणि पेंट

ज्याला बाहेर बंदूक म्हणतात त्याला खेळाडू मार्कर म्हणतात. सेटवरही हाच शब्द रुळवा. गोळी ०.६८ इंच, म्हणजे साधारण १७ मिलिमीटर व्यासाची. वरून जिलेटिनचं कवच, आत पाण्याने धुतला जाणारा रंग.

मार्कर भाड्याने मिळतात, तुमचा खरा घोळ हवेचा होणार आहे. टाकीत दोनशे-तीनशे बार दाबाची हवा लागते. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर दहा बारच्या आसपास दमतो, त्याचा इथे उपयोग नाही. श्वसनाच्या टाक्या भरणारा उच्च दाबाचा कॉम्प्रेसर आणि तो चालवायला शिकलेला माणूस लागेल. टाकीवरची चाचणीची तारीख वाचा. मुदत संपलेली, पोचे आलेली किंवा ओरखडे खोल गेलेली टाकी सेटवर आणूच नका, मग ती कितीही स्वस्त मिळो.

गोळ्यांचा हिशेब कागदावर करा. दहा खेळाडूंनी एका टेकमध्ये प्रत्येकी दीडशे गोळ्या झाडल्या तर दीड हजार गेल्या. पेटीत साधारण दोन हजार येतात. वीस टेक म्हणजे पंधरा पेट्या, आणि हा झाला एकच प्रसंग. म्हणून बहुतेक टेक नुसत्या हवेवर घ्या, आवाज आणि हाताला बसणारा झटका बऱ्यापैकी खराच वाटतो. खऱ्या गोळ्या फक्त त्या शॉटसाठी, जिथे त्या फुटताना दिसायच्या आहेत. पेट्या थंडीत उघड्यावर ठेवू नका, कवच ठिसूळ होऊन गोळ्या नळीतच फुटतात. ओल लागली तर त्या फुगतात आणि अडकतात. रंग पिवळा किंवा गुलाबी घ्या, जर्सी गडद ठेवा. लाल नको, पडद्यावर रक्त वाटतं, आणि स्पर्धांतही साधारणपणे याच कारणासाठी तो चालत नाही.

बंकर परदेशातून मागवणं परवडणार नाही. जाहिरातीचे फुगे आणि लहान मुलांच्या उड्या मारायच्या गाद्या शिवणाऱ्यांकडून मापं देऊन करून घ्या.

रोज संध्याकाळी मैदान पाण्याने धुवा आणि न फुटलेल्या गोळ्या वेचा. माणसाला त्या घातक नाहीत, पण कुत्र्याने खाल्ल्या तर तो गंभीर आजारी पडतो, आणि लॉनवर कुत्री असतातच.

सुरक्षा, आणि यात तडजोड नाही

नळीतून निघणारी गोळी सेकंदाला ३०० फुटांपर्यंत वेगाने जाते, म्हणजे सुमारे ९० मीटर. अंगावर तिचा वळ उठतो, डोळा मात्र कायमचा जातो. त्यामुळे टाकी जोडलेला एक जरी मार्कर मैदानात असेल तर मैदानाभोवतीच्या जाळीच्या आतल्या प्रत्येकाच्या तोंडावर मास्क हवा. कलाकार, छायालेखक, फोकस धरणारा, चहा आणणारा पोरगा, भेटीला आलेले निर्माते, सगळे. टेक संपला की आधी नळीवर कापडी टोपी, मग सगळ्या मार्करची तपासणी, मग मार्कर सांभाळणाऱ्याने मोठ्याने ‘मैदान मोकळं’ म्हणायचं आणि त्यानंतरच मास्क निघायचे. हा अधिकार त्या एकाच माणसाचा. दिग्दर्शकालाही तो डावलता येणार नाही असं पहिल्याच दिवशी सगळ्या युनिटसमोर सांगा.

चेहऱ्याच्या क्लोजअपसाठी काच काढलेला वेगळा मास्क ठेवा आणि त्या वेळी मैदानात हवेची एकही टाकी नको. चालू मास्कला भोक पाडणं, आत दिवा चिकटवणं असे प्रकार करू नका, काचेची ताकद जाते. रोज सकाळी वेगमापक यंत्रावर प्रत्येक मार्करचा वेग तपासा आणि अभिनेत्यांसमोर तो खेळापेक्षा बराच कमी ठेवा. कमी वेगात गोळ्या फुटत नाहीत, पण फुटण्याचा क्षण तसाही वेगळाच घ्यायचा असतो: रंगात बुडवलेला स्पंज जवळून जर्सीवर थापायचा, किंवा डमीवर खरी गोळी झाडायची. कॅमेऱ्यापुढे जाड पॉलिकार्बोनेटचा पत्रा उभा करा. युनिटचा विमा आणि प्रथमोपचार जाणणारा माणूस, हे दोन्ही बजेटच्या पहिल्या पानावर लिहा.

कलाकार: शरीर आधी, चेहरा मग

मास्कमागचा माणूस त्याच्या चालीवरून ओळखू यावा लागतो. नाशिकला राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र आहे, नाटकवाल्या मुलांना शेवटच्या रांगेपर्यंत शरीर पोचवायची सवय असते. त्यांच्यासोबत खो-खोचे खेळाडू घ्या. खाली वाकून सूर मारणं, क्षणात दिशा बदलणं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं, आणि ब्रेकआउटला नेमकं तेच लागतं. निवड चाचणीत सगळ्यांना मास्क घालून एकेक धाव घ्यायला लावा आणि चित्रण नंतर पाहा. कोण कोण आहे ते नाव न सांगता ओळखता आलं, तर ती निवड बरोबर. एकाला डावखुरा ठेवा, एकीला बंकरमागे बसण्याआधी गुडघा टेकायची लकब द्या. जर्सीचे आकडे मोठे करा.

दोन-तीन आठवडे खऱ्या खेळाडूंकडून तालीम घ्या. मार्कर छातीशी कसा धरतात, बंकरच्या कडेने डोकं आणि नळी एकदम बाहेर काढून गोळी मारून परत कसं येतात, हे चुकीचं दिसलं तर खेळ जाणणारा पहिल्याच मिनिटाला तुमच्यापासून तुटेल.

चित्रीकरण: गोळीचं गणित

सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) धरल्या तर ९० मीटर वेगाची गोळी एका चौकटीत पावणेचार मीटर पुढे सरकते. आडव्या शॉटमध्ये ती दिसणारच नाही, दिसली तर फिकट रेघ दिसेल. १२० चौकटींवरही ती दर चौकटीला पाऊण मीटर सरकते. यावर सगळ्यात स्वस्त उपाय कॅमेऱ्याच्या जागेत आहे. झाडणाऱ्याच्या पाठीमागे, नळीच्या रेषेत, लांब लेन्स लावून उभे राहा. गोळी कॅमेऱ्यापासून दूर जात असल्याने चौकटीत टिकते आणि तिचा हलका खाली झुकणारा मार्गही दिसतो. दुपारी चारनंतरचा सूर्य समोर आणि पार्श्वभूमी गडद, म्हणजे झाडी किंवा सावलीतली भिंत, एवढं जमवलं की पिवळ्या गोळ्या ठिणग्यांसारख्या चमकतात. शटर सेकंदाच्या एक हजारांशावर ठेवलं की रेघ नऊ-दहा सेंटिमीटरची होते आणि कडक दिसते.

प्रत्येक पूर्ण गुणासाठी तीन गोष्टी घ्याच. मैदान वरून दिसेल असा स्थिर शॉट, त्यासाठी ड्रोन नसला तरी मचाण चालतं. खेळाडूच्या खांद्यामागून त्याला दिसणारी तेवढीच फट. आणि बंकरमागचा जवळून घेतलेला क्षण: हातमोज्याची बोटं, वर-खाली होणारे खांदे, कानाजवळून गेलेल्या गोळीने आखडलेली मान. कॅमेऱ्याची काल्पनिक रेषा ओलांडू नका, म्हणजे कॅमेरा खेळाच्या एकाच बाजूला ठेवा. आपला संघ पडद्यावर डावीकडून उजवीकडे धावतो, तर सामना संपेपर्यंत त्याच दिशेने धावू दे. आरशासारखं मैदान असल्याने एक उलटा शॉट पुरतो, आणि प्रेक्षक हरवतो.

आवाजाची वेगळी व्यवस्था लागते. मास्कमधून संवाद गुदमरलेले येतात, ते नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागतीलच. चित्रीकरण नसताना एक सकाळ फक्त आवाजांना द्या: मार्करचा ठोका, बंकरवर गोळी आपटल्याची थाप, पॉडच्या झाकणाचा खटका, गवतावर सरपटणं. गोळी दिसत नाही, पण ती कुठून आली आणि कुठे गेली हे कानाला कळू शकतं.

संकलन

पहिला कट खेळाडूंना दाखवू नका. त्यांना सगळं आधीच ठाऊक असतं. पेंटबॉल न पाहिलेल्या दहा-बारा जणांना बोलवा, त्यात कोणाची आई, कोणाचे काका, एखादी शाळकरी पोरगी असू दे. शेवटच्या सामन्यातल्या मोठ्या गुणाच्या मध्येच चित्र थांबवा आणि प्रत्येकाच्या हातात मैदानाचा कोरा आराखडा द्या. आपल्या संघाचे किती जण उरलेत, कुठे आहेत, आणि नायिकेला कुठल्या बंकरपर्यंत जायचंय, एवढ्यावर खूण करायला सांगा. ज्या सेकंदापासून खुणा चुकायला लागल्या, तिथे मागे जाऊन वरचा शॉट टाका किंवा पिटमध्ये प्रशिक्षकाच्या तोंडी एक वाक्य वाढवा. मग नवे दहा-बारा जण बोलवा आणि पुन्हा कोरे आराखडे वाटा.